हरिपूर रस्त्यावरचं लोखंडी घर : बॉडी सेक्शनवाल्याचा अभिप्राय

आमच्या घरासमोर गाडी थांबवून वर बघणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले. "किलोला काय दर पडला?" आणि "उन्हाळ्यात भाजत नाही का?" दोन्हींची उत्तरं देतो, पण माझ्या क्रमानं. एसटीच्या विभागीय कार्यशाळेत मी बॉडी सेक्शनला, म्हणजे बसचा सांगाडा-पत्रा दुरुस्त करणाऱ्या विभागात होतो. लोखंड, काच आणि रंग या तिन्हींतच माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळं या घराचे फोटो बघून "वा, काय मॉडर्न!" म्हणणारे वेगळे आणि मी वेगळा. मी आधी खाली वाकून सांधे बघतो.

घर मुलाचं. कर्ज त्याचं, हौस सूनबाईची. आर्किटेक्ट मॅडम सांगलीच्याच, पुण्यात शिकून परत आलेल्या. लोखंडकाम कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरचं. काचवाला तिसरा, त्याच्याबद्दल पुढं येईलच. नावं कुणाचीच लिहीत नाही. ज्याला खरंच बांधायचंय त्यानं घरी यावं, बिलं काढून दाखवतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. सांगाडा एक नंबर. रंगकाम चांगलं. काच उत्तरेला उत्तम, पश्चिमेला त्रास. आणि देखभाल करायची तयारी नसेल तर या भानगडीत पडू नका, आपलं वीट-सिमेंटच बरं.

घर म्हणजे काय, तर खाली मोकळे खांब, त्यावर एक मजला, मजल्यात अर्ध्या भागावर माळा. खांब-तुळया आय सेक्शनच्या, म्हणजे इंग्रजी I आकाराच्या गर्डरच्या, मधल्या जागेत कुठं काच, कुठं रंगीत पत्र्याचे पॅनल, आत इन्सुलेशन. भिंत म्हणून जी आहे तिच्यावर घराचं वजन नाही. उद्या पिवळं पॅनल काढून तिथं खिडकी बसवली तरी घराला काही होत नाही. हे ऐकून शेजारचे काका म्हणाले, "म्हणजे घर पत्त्यांचं." मी म्हटलं, काका, तुमच्या आजोबांचा गावभागातला वाडा आठवा. सागवानी खांब, तुळई, वर कडीपाट, आणि मधे भराव म्हणून विटा. खणाच्या, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेच्या मापानं घर वाढायचं, आठ खणी, दहा खणी. भिंत पडली तरी सांगाडा उभा असायचा. हे तेच आहे, फक्त सागाच्या जागी गर्डर.

मॅडमनी पहिल्या भेटीत लॅपटॉपवर अमेरिकेतलं एक घर दाखवलं होतं. चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर नवरा-बायकोनं लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये १९४९ साली बांधलेलं. काळा बारीक सांगाडा, मधे काच, आणि मधूनच लाल, निळे, पांढरे चौकोन. मला आवडलं ते दिसणं नव्हे. त्यांनी सगळा माल कारखान्याच्या कॅटलॉगमधून मागवला होता, गर्डर, खिडक्या, सगळं तयार मापाचं. गाळा एकच, ७ फूट ४ इंचाचा, तोच पुन्हा पुन्हा. सांगाडा दीड दिवसात उभा राहिला. आम्ही एसटीत हेच करत आलो. खिडकीची चौकट या गाडीची त्या गाडीला बसली पाहिजे, नाहीतर डेपोतला माणूस मरतो. मी मॅडमना तिथंच सांगितलं, "एकाच मापाचा गाळा करणार असाल तर माझा होकार." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही नको म्हणाला असतात तरी मी तेच करणार होते."

हेच ईम्स पुढं १९५८ मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून भारतात फिरले, एक अहवाल दिला, त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था निघाली. त्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं, तर आपल्या लोट्याचं. म्हणजे माणसं जमिनीवरची होती.

आणि लोखंड-काच हे काही आपल्या भागाला परकं नाही हो. पुणे-मिरज लाइनवर एका बाजूला किर्लोस्करवाडी, १९१० पासून लोखंडाचं गाव, आणि कराडजवळ ओगलेवाडी, जिथल्या काचेचा प्रभाकर कंदील माझ्या आजीच्या घरात छताला टांगलेला असायचा. आता घर बांधायची वेळ आली की मात्र सगळ्यांना आरसीसीच दिसतं.

असो. सांगाड्याबद्दल.

कुपवाडच्या शेडमध्ये मी अधूनमधून जाऊन बसायचो. पोरांना त्रास झाला असेल, पण कामाला फायदा झाला. या फॅब्रिकेटरचं मला पटलेलं पहिलं काम म्हणजे त्यानं जोड नटबोल्टचे ठेवले. वेल्डिंग जेवढं करायचं तेवढं शेडमध्ये, साइटवर फक्त बोल्ट आवळायचे. यात काय विशेष, असं वाटेल. विशेष असं, की पावडर कोटिंग हे भट्टीत साधारण २०० अंशांवर भाजलेलं असतं. साइटवर आणून त्यावर वेल्डिंगची ठिणगी लावली, की जोडाच्या दोन्ही बाजूंचा रंग जळून जातो. मग तिथं ब्रशनं टचअप मारतात. लांबून दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर बरोबर त्या टचअपखालून गंज फुगून वर येतो. आमच्याकडं गाडी अपघातातून येऊन दुरुस्त होऊन गेली, की वर्षाच्या आत ती कुठं जोडली हे आंधळा पण हात फिरवून सांगायचा. या घरात असा साइटवर जोडलेला सांधा जिन्याच्या कठड्याला एके ठिकाणी आहे, तेवढाच. तो मी लक्षात ठेवलाय.

दुसरं म्हणजे अर्थिंग. सगळं घर लोखंडाचं, म्हणजे कुठंतरी वायर चेपली की अख्खा सांगाडा करंट देणार. त्यांनी खांब एकमेकांना पट्टीनं जोडून दोन ठिकाणी अर्थ केलेत, आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच बसवलाय. हे न सांगता केलं होतं. पूर्ण मार्क.

आता काच. इथं खरी मजा आहे.

लोखंड उन्हात वाढतं. सहा मीटरचा गर्डर हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या उन्हापर्यंत ४० अंशांनी तापला, तर जवळजवळ तीन मिलिमीटर लांब होतो. काच त्याहून कमी वाढते. ॲल्युमिनियम त्याच लांबीत साडेपाच मिलिमीटर. आमच्या घरात तिन्ही एकाच चौकटीत आहेत. गर्डर लोखंडाचा, सरकत्या खिडकीची फ्रेम ॲल्युमिनियमची, आत काच. तिघांना घट्ट बांधून ठेवलं तर काच तडकणार, काच नाही तडकली तर फ्रेम वाकणार. म्हणून मधे जागा सोडायची, रबर घालायचं, आणि वरून सिलिकॉननं पाणी बंद करायचं. शिवाय ॲल्युमिनियम आणि लोखंड उघड्यानं एकमेकांना टेकले आणि मधे पाणी मुरलं, की ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते. आमच्या जुन्या गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडी स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरायची, ती हीच. इथं प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर आहे. मोजून बघितलेलं नाही, पण जिथं जिथं टॉर्च मारला तिथं होता.

काच बसवायला तीन पोरं आली होती. मी खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. वरून वास आला. आंबट, नाकात झोंबणारा, लोणच्याची बरणी उघडल्यावर येतो तसा. जिना चढून गेलो तर पोरगा गन घेऊन गर्डरच्या कडेनं सिलिकॉनची रेघ ओढत होता. हात स्वच्छ, रेघ सरळ, तक्रार काही नाही. ट्यूब हातात घेऊन वाचली. आंबट वासाचं सिलिकॉन म्हणजे सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड निघतं. बाथरूमच्या काचेला चालतं, फिशटँकला चालतं. जस्ताच्या थराला आणि उघड्या लोखंडाला चालत नाही, खालून खातं. म्हटलं, "बाळा, थांब जरा." तो म्हणाला, "काका, सगळीकडं हेच मारतो आम्ही." मी भांडलो नाही. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेल्या पट्टीचा एक उरलेला तुकडा घेतला, त्याच्यावर त्याच्याच ट्यूबची रेघ मारायला लावली आणि ठेवून दिला. दोन-तीन दिवसांनी ब्लेडनं रेघ उचलली, तर खाली पट्टी पांढुरकी झालेली. तो तुकडा काचवाल्या शेठच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यानं मारलेलं सगळं खरवडून न्यूट्रल क्यूअरचं, म्हणजे सुकताना ॲसिड न सोडणारं सिलिकॉन पुन्हा भरून दिलं, पण खरवडायची मजुरी आमच्या बिलात लावायचा प्रयत्न केला. मुलानं ती काटली. तेव्हापासून काचवाला मला बघितला की फोन कानाला लावतो.

तुम्हाला घर बांधायचं असेल आणि या सगळ्यातलं एकच काही विचारायचं असेल, तर हे विचारा की सिलिकॉन कुठलं. किलोचा दर नंतर.

काच कुठं कुठली हेही पाहून घ्या. उभ्या खिडक्यांना टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच ठीक. फुटली तर दाणेदार चुरा होतो, सुरे होत नाहीत. पण टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. माप चुकलं की काच गेली. आमच्याकडं एक गेली, भुर्दंड काचवाल्याला. डोक्यावरच्या काचेला, म्हणजे माळ्यावरच्या स्कायलाइटला आणि गॅलरीच्या कठड्याला मात्र लॅमिनेटेड पाहिजे, गाडीच्या पुढच्या काचेसारखी दोन काचा आणि मधे फिल्म. फुटली तरी जागेवर राहते. मॅडमनी हे ड्रॉइंगवरच लिहिलं होतं.

आता भाजण्याचा प्रश्न.

बैठकीची खोली पश्चिमेला आहे, नदीच्या बाजूला. म्हणून तिथं खालपासून वरपर्यंत काच, सिंगल, सहा मिलिमीटरची. सूर्यास्त दिसतो, खरंय. एप्रिलमध्ये तो सूर्यास्त दुपारी तीनला सुरू होतो आणि रात्री आठपर्यंत फरशीतून परत येत राहतो. ऊन काचेतून आत येतं, फरशी तापते, आणि तापलेल्या फरशीची उष्णता मात्र काचेतून सहज बाहेर जात नाही. छज्जा दिलाय दोन फुटांचा. दक्षिणेला तो काम करतो, कारण तिकडचं ऊन डोक्यावरून येतं. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, छज्ज्याखालून सरळ सोफ्यावर. आतून पडदे लावले, पण ऊन आत येऊन पडद्याला तापवून मग थांबतं, त्याचा काय उपयोग?

मॅडमना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी सुरुवातीला बाहेरून सरकत्या लोखंडी झडपा काढल्या होत्या, त्या बजेटमध्ये कापल्या गेल्या. पण कापताना त्यांनी अडून बसायला हवं होतं, हे माझं मत. अहमदाबादला मिलमालक संघाची १९५४ सालची इमारत आहे, ल कॉर्बुझिए या आर्किटेक्टची. तिच्या पश्चिमेच्या तोंडाला काँक्रीटचे उभे तिरके पंख लावलेत, ऊन अडवायला, आणि नदीकडच्या पूर्वेला सरळ. ज्यानं त्याच काळात चंदीगड बांधायला घेतलं, त्यालाही पश्चिमेचं ऊन वेगळं मोजावं लागलं. मग आपण कोण?

सध्या बाहेरून बांबूच्या चिका सोडल्यात. दिसायला मॅडमना आवडत नाहीत. खोली मात्र बसण्यासारखी झाली.

बाकी घर तापत नाही, हे स्पष्ट लिहितो, कारण लोक "लोखंडाचं म्हणजे तवा" असं धरूनच येतात. छपराला पफ पॅनल आहे, म्हणजे दोन पत्र्यांमधे फोम, आणि पॅनलच्या भिंतीत रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंचं इन्सुलेशन. उत्तरेच्या काचेतून दिवसभर सारखा उजेड येतो, सूनबाई तिथं बसून ब्लाउजचं हेमिंग करते, दिव्याची गरज लागत नाही. समोरासमोर खिडक्या उघडतात, त्यामुळं संध्याकाळी नदीवरचा वारा आरपार. ही उघडणारी खिडकी फार महत्त्वाची. मीस व्हॅन डर रोह या मोठ्या आर्किटेक्टनं अमेरिकेत प्लानो गावाजवळ एका डॉक्टरबाईंसाठी काचेचं घर बांधलं, १९५१ साली पुरं झालं. चारी बाजूंनी काच, आणि उघडायला एका टोकाला दोन छोट्या झडपा. बाई उन्हाळ्यात उकडून निघायच्या. पुढं बिलावरून दोघं कोर्टात गेले. आज त्या घराला जगभरातून लोक बघायला येतात. बघायला आणि राहायला यात फरक असतो.

त्याच घराची दुसरी गोष्ट सांगलीकरांनी ऐकण्यासारखी आहे. ते फॉक्स नदीच्या काठावर, पूर येतो अशा जागेत, म्हणून जमिनीपासून पाच फुटांवर लोखंडी खांबांवर उचललेलं. तरी १९५४ ला पाणी आत गेलं, १९९६ ला गेलं, २००८ ला गेलं. आम्हाला पूर शिकवायला कुणी नको. कृष्णेची इथली धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ च्या वर होतं. २००५, २०१९, २०२१, तिन्ही आम्ही बघितले. आमचा प्लॉट निळ्या पूररेषेच्या बाहेर आहे, तिच्या पलीकडच्या, मोठ्या पुराच्या लाल रेषेच्या आत. म्हणूनच तर खांबांवर घर, आणि मजल्याची पातळी २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर. जुन्या घराच्या भिंतीवर ती खूण होती, पाडण्याआधी सर्व्हेवाल्याला बोलावून तिची उंची मोजून घेतली.

लोखंड पुराला वाईट असा समज आहे. आय सेक्शनचा गर्डर पुरात भिजला तर धुवायचा, गाळ काढायचा, वाळवायचा, झालं. विटांची भिंत महिनोन्महिने ओल सोडत राहते. पण चौकोनी पाइप, ट्यूब सेक्शन, तो धोका. आत पाणी शिरलं तर निघत नाही, आतून गंजतो आणि बाहेरून रंग झकास दिसतो. आमच्याकडं खालच्या तिरक्या आधारांना ट्यूब वापरलीय. त्यांच्या तळाला पाणी निघायला भोकं पाडून द्यायची ठरलं होतं, नाहीतर दोन्ही टोकं पूर्ण वेल्डनं बंद. आत्ता टोकं अर्धी बंद आहेत आणि भोकं नाहीत. फॅब्रिकेटर म्हणतो, करून देतो. त्यामुळं पुराचे मार्क मी राखून ठेवलेत, हे घर झाल्यापासून मोठं पाणी आलेलंही नाही.

रंगाबद्दल घरात बरंच रामायण झालं. मॅडमचं म्हणणं, सांगाडा काळपट करडा आणि पॅनल तीन रंगांचे. त्यांनी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचं १९२४ सालचं श्रोडर घर दाखवलं, रीटफेल्ट नावाच्या सुतारकाम करणाऱ्या आर्किटेक्टचं. तिथं लाल, पिवळा, निळा हे रंग शोभेला नाहीत, कुठला तुकडा कुठं संपतो ते दाखवायला आहेत. आमच्या हिला ते काही पटेना. "घराला बालवाडी करायचीय का?" शेवटी पिवळा तिनं निवडला, हळदीचा. मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी पोत्यातून ओतलेली हळद असते ना, तो. मॅडमचं शेडकार्ड बाजूला ठेवून तिनं डब्यातली हळद कागदावर टाकून दिली, आणि पावडरवाल्यानं जवळपास तीच छटा आणून दिली. पिवळ्या पॅनलवर सकाळचं ऊन पडतं तेव्हा आतल्या पांढऱ्या छतावरही पिवळसर उजेड जातो. ते मात्र बघण्यासारखं आहे.

लाल रंगावर मी अडलो. लाल उन्हात सगळ्यात आधी उडतो, आमच्या लाल गाड्यांची टपाकडची बाजू आठवा. म्हणून लाल फक्त जिन्याला, जो सावलीत आहे. आणि बाहेरच्या सगळ्या कामाला पावडर पॉलिएस्टरची पाहिजे, इपॉक्सीची नको. इपॉक्सी पावडर स्वस्त पडते, पण उन्हात तिच्यावर खडूसारखी पूड धरते. पावडरच्या खोक्यावरचं लेबल बघून मगच मी भट्टीत माल जाऊ दिला. निळा पॅनल उत्तरेला आहे, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

राहता राहिलं ते किरकोळ. वळवाचा पाऊस छपरावर वाजतो, पफ असलं तरी वाजतो, टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. बुलबुल काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतो. उसाच्या सीझनला पाला पेटवल्याची काजळी उडून काचेवर बसते, आणि ती बोअरच्या पाण्यानं धुतली की पांढरे डाग, म्हणून नळाचंच पाणी. रात्री आतले दिवे लागले की बाहेरच्याला सगळं दिसतं. पाहुण्या बायकांना ते आवडत नाही, पडदे लावावेच लागतात. खिळा ठोकायचा प्रश्न येत नाही. गणपतीला मखर बांधायला मात्र चुंबकाचे हूक मिळतात, फार सोय झाली.

आता दर. लोखंडकाम किलोवर होतं, आणि इथंच लोक फसतात. किलोवर पैसे मिळणार म्हटल्यावर फॅब्रिकेटरला गर्डर जड घालण्यात फायदा. त्यामुळं वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ड्रॉइंगवरून आधी काढून घ्या आणि शेडमधून निघताना काटा करा. २०० मिमीचा गर्डर मीटरला साधारण २५ किलो भरतो, त्यावरून कुणालाही हिशेब जमतो. आमचा काटा ड्रॉइंगशी जुळला. एकूण खर्च याच आकाराच्या आरसीसी घरापेक्षा जास्तच आला, त्यात मोठा वाटा काचेचा. वाचला तो वेळ, आणि साइटवर वाळू-विटांचा पसारा नव्हता.

मॅडमना मी पुन्हा काम देईन. झडपांचं ड्रॉइंग त्यांनी परवा पाठवलंय, या वेळी पैसे न घेता. फॅब्रिकेटरलाही देईन. त्याचा शेवटचा हप्ता ट्यूबच्या तळाला भोकं पडून आत गंजविरोधक मारला जाईपर्यंत मुलाच्या खात्यातच राहील, तसं त्याला सांगून झालंय. काचवाला तुमचा तुम्ही शोधा.